अगरबत्तीला जागा आहे, तोरणाला नाही

तुमच्या देवघरातली अगरबत्तीची पुडी आणि दारावरचं तोरण तुम्ही बहुधा एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून घरी आणलं असेल. मेलबर्नमध्ये असाल तर डँडेनाँगहून, सिडनीत असाल तर हॅरिस पार्कहून. आपल्या लेखी या दोन वस्तूंत उच्चनीच काही नाही. कस्टम्सच्या लेखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या 'कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट 1995'ची तिसरी अनुसूची उघडा आणि 3307.41 हा आकडा शोधा. तिथे 'अगरबत्ती' हा आपला शब्द जसाच्या तसा, फक्त रोमन अक्षरांत, छापलेला दिसेल. 'आणि जाळल्यावर सुवास देणारे इतर पदार्थ' हे शब्द त्याच्यानंतर येतात. म्हणजे जगभरचे सगळे धूप-ऊद कायद्यात अगरबत्तीच्या मागे रांग लावून उभे आहेत. आता 'तोरण' शोधा. सापडणार नाही. 'दिवाळी' शोधा. नाही. 'ख्रिसमस' शोधा, लगेच सापडेल.

मला या विषयावर भांडायचं आहे आणि त्यातलं अर्धं भांडण तुमच्याशी आहे. म्हणजे आपल्याशीच.

आधी काय झालं ते सांगते. आमच्या मंडळाच्या सजावट समितीत मी गेली काही वर्षं आहे. एका वर्षी गणपतीसाठी पुण्याहून जहाजानं सहा खोकी मागवायची ठरली. तुळशीबागेतल्या एका दुकानदारानं सगळं जमवून दिलं: आरशांची आणि मोत्यांची कापडी तोरणं, भगव्या पताकांच्या माळा, रेशमी गोंडे, कापडी झेंडूच्या माळा, जरीच्या भरतकामाच्या पट्ट्या, शिवून तयार केलेले फेटे. बिलावर त्यानं एका ओळीत लिहिलं, 'डेकोरेटिव्ह हँडिक्राफ्ट आयटम्स, असॉर्टेड, सहा बॉक्स'. आम्हीच त्याला तसं लिही म्हणालो होतो. 'सोपं पडेल' म्हणून.

खोकी मेलबर्नला आली आणि आमच्या ब्रोकरबाईंचा फोन आला. बाई अनुभवी आणि सरळ. त्यांचा पहिला प्रश्न: या ओळीचा अर्थ काय? मी म्हटलं, सणाची सजावट. त्यांनी विचारलं, तोरण म्हणजे नक्की काय, दाराचा पडदा का? नाही, पडदा नाही, चौकटीच्या वर लावायचं. सणापुरतं की वर्षभर? सणाला लावतात, पण काही घरांत वर्षभर राहतं. कशाचं आहे? सुती कापड, त्यावर भरतकाम, आरसे, खाली गोंडे. किती दिवस टिकतं? इथे मी जरा अभिमानानं म्हटलं, माझ्या आईच्या दारावर एकच तोरण पंचवीस वर्षं होतं.

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. 'मग ते सणाचं नाही.'

असं कसं? तर असं. जागतिक सीमाशुल्क संघटनेनं या तक्त्याच्या प्रत्येक शीर्षकावर स्पष्टीकरणाच्या टिपा लिहिल्या आहेत. सणाच्या वस्तूंचं शीर्षक आहे 9505. त्याच्या टिपेत म्हटलंय की या वस्तू त्यांच्या वापराकडे पाहता 'सामान्यतः न टिकणाऱ्या' सामानाच्या असतात. खोल्या-टेबलं सजवायच्या माळा, कंदील वगैरे. म्हणजे कागदी पताका-कंदील, एक सण झाला की केराच्या टोपलीत जाणाऱ्या गोष्टी. तुमची वस्तू जितकी नीट बनवलेली, जितकी जपून ठेवलेली, जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात पुढच्या वर्षीसाठी ठेवलेली, तितका तिचा सणावरचा हक्क कमी. कापडाचं टिकाऊ तोरण मग 6304 कडे ढकललं जातं, 'घरसजावटीच्या इतर वस्तू' मध्ये. त्या टिपेत भिंतीवर लावायचं कापड आणि लग्न किंवा अंत्यविधी अशा समारंभांसाठीची कापडी सजावट एका दमात आलेली आहे.

आणि हे फक्त तोरणाचं झालं. कापडी पताका सणाच्या शीर्षकातून नाव घेऊन वगळलेल्या आहेत. त्या 6307 मध्ये, झेंड्यांबरोबर. गोंडे सुटे आले तर 5808. भरतकामाच्या पट्ट्या 5810. कापडी झेंडूच्या माळा 6702, कृत्रिम फुलं. तयार फेटा डोक्यावर घालायचा म्हणून 65 व्या प्रकरणात. गणपतीच्या एका आराशीची सहा शीर्षकं झाली. आमचं बिल एका ओळीचं.

पुढे व्हायचं तेच झालं. दुकानदाराला फोन, फोटो, वजनं, कापड सुती की पॉलिस्टर याची चौकशी. 'हँडिक्राफ्ट' या शब्दात वाळलेली पानं, बिया, गवत, लाकूड काहीही असू शकतं, म्हणून जैवसुरक्षेच्या तपासणीसाठी खोकी उघडली गेली. गोदामाचं भाडं रोज चढत होतं. खोकी हातात पडली ती गौरी जेवायच्या दिवशी. तोवर पोरांनी केशरी क्रेप कागदाच्या माळा करून लावल्या होत्या. छान दिसत होत्या, आणि गंमत म्हणजे कायद्यानं अस्सल सणाच्या त्याच होत्या.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुमची, बिल नीट लिहायला हवं होतं. बरोबर आहे, त्याकडे येतेच. पण आधी तक्त्याकडे बघा, कारण तक्ता निष्पाप आहे असा आपला समज आहे. आकडे असतात ना, आकड्यांना काय जातधर्म!

हा तक्ता ऑस्ट्रेलियानं एकट्यानं केलेला नाही. ब्रुसेल्समध्ये 14 जून 1983 ला एक आंतरराष्ट्रीय करार झाला, 1 जानेवारी 1988 पासून तो लागू झाला. त्याला 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' म्हणतात. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. पुढचे आकडे ज्याचे त्याचे. भारतही त्यात आहे, ऑस्ट्रेलियाही. कराराचा मसुदा इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत सारखाच प्रमाण. बाकी जगातल्या कुठल्याही भाषेतल्या वस्तूनं या दोन भाषांत आपली ओळख पटवायची.

त्यात कापडाच्या प्रकरणांमध्ये कोणाची ओळख पटलेली आहे ते पाहा. 5805 या शीर्षकात हातमागावरच्या चित्रपटांची नावं आहेत: गोबलँ, फ्लँडर्स, ओब्युसाँ, बोव्हे. फ्रान्सची आणि बेल्जियमची गावं, परगणे, कारखाने. ती थेट जगाच्या कायद्यात. 5702.10 मध्ये 'केलेम', 'शुमाक्स', 'कारामानी' या गालिच्यांची नावं. 6214 मध्ये शाली, स्कार्फ यांच्याबरोबर स्पॅनिश बायकांची 'मँटिला'. हे सगळं जाऊन बघा, मी रचून सांगत नाही. पैठण नाही. सोलापूर नाही. जगाला दोन हजार वर्षं कापड पुरवणाऱ्या देशाचं एक गाव या प्रकरणांच्या शीर्षकांत सापडत नाही.

आणि आता 9505 कडे परत या. शीर्षक असं आहे: सणाच्या, कार्निव्हलच्या किंवा इतर करमणुकीच्या वस्तू, जादूचे प्रयोग आणि गमतीच्या खोड्यांच्या वस्तूंसह. त्याचे दोन भाग. पहिला 9505.10, ख्रिसमसच्या वस्तू. दुसरा 9505.90, इतर. बस्स. टिपांमध्ये ख्रिसमसच्या वस्तूंची यादी किती मायेनं केली आहे: नकली झाड, गोठ्यातल्या जन्माचा देखावा, त्यातली माणसं आणि जनावरं, देवदूत, फटाका-पुड्या, मोजे, ओंडका, सांताबाबा. हे सगळं एका बाजूला. आणि दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, गणपती, नवरोज, हे सगळे 'इतर' च्या खणात, हातरुमालातून कबुतर काढायच्या सामानाबरोबर आणि बसल्यावर आवाज करणाऱ्या उशीबरोबर.

मला सांताबाबाबद्दल काही म्हणायचं नाही. आमच्याही घरी डिसेंबरात झाड लागतं, मुलं लावायला लावतात. एका सणाला स्वतःची ओळ आहे याबद्दल तक्रार नाही. बाकीच्या साऱ्या मानवजातीचे सण मिळून एक उरलेली जागा, आणि तीही जादूगाराबरोबर वाटून घ्यायची, याबद्दल आहे.

ऑस्ट्रेलियात तर या गोष्टीला जुना वासही आहे. इथला 'कस्टम्स अ‍ॅक्ट' 1901 चा, अजून चालू आहे. त्याच वर्षी इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्टही झाला. गोऱ्या नसलेल्या माणसाला बंदरावर थांबवायचं कसं, तर पन्नास शब्दांचं श्रुतलेखन, कुठल्याही युरोपीय भाषेत. भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार. हे श्रुतलेखन घालणारे अधिकारी बहुतेक वेळा कस्टम्सचेच असत. 1958 मध्ये ते बंद झालं. आज बंदरावर आपली खोकी तपासणारा अधिकारी तसा नाही, त्याचं नाव कदाचित पटेल किंवा सिंग असेल, हे मी मान्य करते. माणसाचं श्रुतलेखन संपलं. खोक्याचं अजून चालू आहे, एवढंच माझं म्हणणं.

आता तुमचा आक्षेप. मला तो तोंडपाठ आहे, कारण मंडळाच्या बैठकीत तो तीन जणांनी घेतला. 'अहो, ड्युटी शून्य झाली. कशाला डोकं शिणवता?'

खरं आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला व्यापार करार 2 एप्रिल 2022 ला झाला, 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. भारतातून येणाऱ्या बहुतेक मालावरची ड्युटी त्या दिवशी गेली, उरलेली टप्प्याटप्प्यानं, आणि 1 जानेवारी 2026 पासून भारतीय मालासाठी इथल्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी शून्यावर आहेत. पूर्वीही ती काही डोंगराएवढी नव्हती. कपडे आणि तयार कापडी वस्तूंवर 2015 पासून 5 टक्के. हिशोब करून बघा. 2000 डॉलरचा माल, 500 डॉलर वाहतूक आणि विमा. ड्युटी मालाच्या किमतीवर, म्हणजे 100 डॉलर. जीएसटी 10 टक्के, तो किंमत, ड्युटी आणि वाहतूक सगळ्यांच्या बेरजेवर, म्हणजे 2600 वर 260. ड्युटी नसेल तर 2500 वर 250. फरक 110 डॉलरचा. एवढ्यासाठी कोण भांडेल?

पण ही शून्य आपोआप पडत नाही. ती मिळवायला भारतातून मूळ देशाचं प्रमाणपत्र आणावं लागतं आणि त्यावर वस्तूचा सहा आकडी कोड लिहावा लागतो. तिकडे दुकानदारानं एक कोड टाकला, इकडे ब्रोकरनं दुसरा धरला, की प्रमाणपत्र नक्की कशाचं, हा प्रश्न उभा राहतो. वस्तू भारतात बनली असं केव्हा मानायचं याचे नियमही कोडप्रमाणे बदलतात. शिवाय ऑस्ट्रेलियात वर्गीकरणाची जबाबदारी आयात करणाऱ्यावर आहे. 'कस्टम्स अ‍ॅक्ट'मध्ये चुकीच्या माहितीबद्दल दोन कलमं शेजारी शेजारी आहेत: 243टी, ज्यात सरकारची ड्युटी बुडाली; आणि 243यू, ज्यात एक पैसाही बुडाला नाही. दुसऱ्यातही दंड आहे. शून्य ड्युटी म्हणजे शून्य जबाबदारी नव्हे.

आणि शब्दांवरून भांडणं म्हणजे कायद्याचा कीस पाडणं, असं वाटत असेल तर औषधी गोळ्यांचा खटला बघा. चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या हे औषध की खाऊ-खाद्य, यावरून एक आयातदार आणि कस्टम्स थेट ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापर्यंत भांडले. फेब्रुवारी 2020 मध्ये आयातदार जिंकला. त्या गोळ्यांनी आपलं नाव कायद्यात कमावलं, कारण कोणीतरी भांडलं. तोरणासाठी कोण गेलंय?

पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाहीच, मोजणीचा आहे. या कोडचा दुसरा उपयोग म्हणजे देशात काय, किती, कुठून येतं याची नोंद. ख्रिसमसची सजावट किती डॉलरची आली, हे ऑस्ट्रेलियाला दर महिन्याला कळतं, कारण तिची ओळ वेगळी आहे. दिवाळीची किती आली, हे कळत नाही. कळूच शकत नाही. ती पडद्याच्या झालरी, झेंडे, कृत्रिम फुलं आणि खोड्यांच्या सामानात विरघळलेली असते. 2021 च्या जनगणनेत भारतात जन्मलेले 6 लाख 73 हजार लोक इथे होते, इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या खालोखाल दुसरा क्रमांक. एवढी माणसं मोजली गेली. त्यांच्या दारावर काय लागतं ते मोजलं जात नाही.

आणि इथे खरा तिढा आहे. नवी ओळ द्यायची का, हे ठरवताना त्या वस्तूचा व्यापार किती आहे ते पाहिलं जातं. व्यापाराचा आकडा दाखवायला ओळ हवी. ओळ नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून ओळ नाही. ख्रिसमसला हा फेरा लागला नाही कारण तक्ता लिहिणाऱ्यांच्या घरी तो आधीच साजरा होत होता. त्यांनी आकडा मागितला नाही, आठवणीतून लिहिलं.

हे बदलत नाही असं म्हणू नका. 2017 च्या आवृत्तीत 6304 मध्येच मच्छरदाण्यांना वेगळी ओळ मिळाली, 6304.20, विशिष्ट कीटकनाशकं लावलेल्या जाळ्यांसाठी. मलेरियावर काम करणाऱ्या लोकांना या जाळ्या कुठून कुठे जातात ते पाहायचं होतं. त्यांनी मागितलं, मिळालं. बदल तिकडच्या बाजूनंही होतो: 2003 मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं ख्रिसमस-हॅलोविनची नक्षी असलेले टेबलावरचे कापडी मॅट, रुमाल आणि गालिचे सणाच्या वस्तू ठरवले, आणि 2007 च्या आवृत्तीत 95 व्या प्रकरणावर टीप आली की टेबलाचं कापड, चादरी, गालिचे अशा उपयोगाच्या वस्तू सणाच्या शीर्षकात येणार नाहीत. चार वर्षांत जगाचा नियम. तोरण हे टेबलाचं कापड नाही, त्यानं कोणी हात पुसत नाही, थंडी अडवत नाही. सणाखेरीज त्याला दुसरं कामच नाही. ते या टीपेत येऊ नये असं मला वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? ते कुठेतरी मांडायला हवं.

आता आपल्याकडे वळू. पहिला दोष भारत सरकारचा. सहा आकड्यांच्या पुढचे आकडे प्रत्येक देशाचे स्वतःचे असतात आणि भारतानं कापडाच्या प्रकरणात ते छान वापरले आहेत. धोतर, लुंगी, साडी यांना स्वतःच्या ओळी आहेत. जरीच्या धाग्याला आहे, खऱ्या जरीला वेगळी आणि नकली जरीला वेगळी. जीएसटीच्या यादीत तर भरतकामाच्या सामानाची नावं वाचताना आजीचा शिवणाचा डबा उघडल्यासारखं वाटतं: जरी, कसब, चमकी, गोटा, सितारा, बदला. 2018 मध्ये राखीला नाव घेऊन जीएसटीतून सूट मिळाली. म्हणजे आपल्या शब्दांनी कायदा लिहिता येतो हे दिल्लीला माहीत आहे. आणि मग 9505 वर काय केलं? 'इतर' चे दोन भाग पाडले. एक, जादूचं सामान. दुसरा, इतर. दिवाळीच्या देशानं स्वतःच्या हातानं नवी ओळ काढली आणि ती जादूगाराला दिली! यावर मी काय बोलणार.

दुसरा दोष आपला. परदेशी राहून आपल्याला एक सवय लागली आहे: आपली वस्तू दुसऱ्याला समजणार नाही असं आधीच गृहीत धरायचं आणि तिला एखादं गुळगुळीत नाव द्यायचं. पुरणपोळी 'स्वीट ब्रेड'. मोदक 'डंपलिंग'. तोरण 'डोअर डेकोर'. विमानतळावरच्या फॉर्मवर, पार्सलवर, बिलावर 'गिफ्ट', 'हँडिक्राफ्ट', 'पूजा आयटम्स'. समोरचा माणूस ऐकायला तयार असतानाही आपण नाव सांगत नाही. आमच्या ब्रोकरबाईंनी तोरणाबद्दल अर्धा तास प्रश्न विचारले. तितके प्रश्न माझ्या स्वतःच्या मुलांनी कधी विचारले नाहीत. आणि मला उत्तरं नीट येत नव्हती, हे मला जास्त लागलं. तोरण टिकाऊ की सणापुरतं? दाराचं की देवाचं? त्याचा 'मूळ गुणधर्म' काय, कापड की आरसे की भरतकाम? मिश्र वस्तूंच्या बाबतीत तक्त्याचा तिसरा नियम हाच प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर ब्रसेल्सला माहीत नाही हे समजू शकतं. ते आपण कधी शब्दांत लिहून ठेवलंय का?

काहीजण म्हणतात, प्रत्येक सणाला ओळ द्यायची तर तक्ता पंचांग होईल. मी प्रत्येक सणाला मागत नाही. 9505.90 मधून जादू आणि खोड्या वेगळ्या काढा आणि 'इतर धार्मिक व पारंपरिक सणांच्या वस्तू' अशी एक ओळ करा. त्यात चिनी लोकांचे लाल कंदील येतील, रमजानचे येतील, आपली तोरणं येतील. टिपेतल्या उदाहरणांत सांताबाबाच्या खाली दोन शब्द वाढवा. आणि 'सामान्यतः न टिकणारं' ही अट काढा, कारण जगातले बहुतेक लोक सणाचं सामान फेकत नाहीत, जपून ठेवतात. फेकून देणं ही सणाची खूण नव्हे, श्रीमंतीची आहे.

जागतिक तक्ता साधारण पाच वर्षांनी बदलतो, पुढची आवृत्ती 2028 ला येते आहे; म्हणजे आपली मागणी त्याच्याही पुढच्या फेरीची. ती भारतानं करायची, आणि भारताला ते कोणी सांगितलं तर करेल. पण ऑस्ट्रेलियात एक लहान दार आत्ताच उघडं आहे. इथे आयात मालाचा कोड दहा आकडी असतो. पहिले आठ कायद्याचे. शेवटचे दोन आकडेवारीसाठी, आणि ते इथली सांख्यिकी संस्था, ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स, ठरवते. त्यांत बदल करायला संसदेची गरज नाही, ड्युटीचा एक सेंट हलत नाही. भारतीय मालावर ड्युटी उरलेलीच नाही, म्हणजे तिजोरीचं नुकसान होईल हा जुना आक्षेपही गेला. ओळ मागायला यापेक्षा बरी वेळ कुठली? इथली मंडळं एकमेकांच्या कार्यक्रमांच्या तारखा आपटू नयेत म्हणून चार चार बैठका घेतात. एक पत्र सगळ्यांनी मिळून लिहायला एक बैठक पुरे. चिनी आणि अरब दुकानदारांनाही सही करायला बोलवा, खण त्यांचाही तोच आहे.

आणि ज्यांची दुकानं आहेत त्यांच्यासाठी: माल येण्याआधी ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्सकडून वर्गीकरणाचा लेखी सल्ला मागता येतो. तो मागा. उत्तर चुकीचं वाटलं तर ड्युटी निषेध नोंदवून भरता येते आणि लवादाकडे जाता येतं. तोरणावर ड्युटीच नाही तर निषेध कसला, असं म्हणाल. पण सगळाच माल भारतातून येत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय आलेल्या मालाला ही शून्य लागू नाही. एका वादातून एक निर्णय आला तर पुढच्या शंभर बिलांना आधार होतो.

या वर्षी आम्ही पुन्हा तुळशीबागेतूनच मागवलं. त्याच दुकानदाराला फोन करून बिल मीच सांगितलं. तोरण, कापडी, सुती, भरतकाम आणि आरशांचं, सणाला दाराच्या चौकटीवर लावायचं, 40 नग. पताका, पॉलिस्टर, 60 माळा. गोंडे, रेशमी, सुटे, 200. झेंडूच्या माळा, कापडी, फुलं नकली, वाळलेली पानं किंवा बिया नाहीत. फेटे, शिवलेले, 25. प्रत्येकाची वेगळी ओळ, वेगळी किंमत, वेगळं वजन. आणि तोरण हा शब्द रोमन अक्षरांत, भाषांतर न करता, वर्णन त्याच्यापुढे.

तो लिहिता लिहिता थांबला. 'ताई, पहिला शब्द तिकडं कुणाला कळणार नाही हो.'

म्हटलं, पहिला शब्द आधी लिहा. पुढचं मी त्यांना सांगते.